मास्तरांच्या वावरातला विसावा

९ फेब्रुवारी

खताच्या कंपनीनं भेट दिलेली ही डायरी जानेवारीभर कोरीच पडून होती. हळदीचे दिवस, लिहायला फुरसत कुणाला. आज मात्र बसलो, कारण नगरपंचायतीच्या फळ्यावर एक नोटीस लागली आहे आणि ती मी उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचून आलो. मास्तरांचं वावर शेती झोनमधून काढून रहिवासी झोनमध्ये टाकायचा प्रस्ताव आहे. कशासाठी, तर ‘ज्येष्ठ नागरिक निवास’. कुणाची हरकत असल्यास महिन्याच्या आत लेखी द्यावी. मग जिल्ह्याहून नगररचनेचे साहेब येतील, जागा पाहतील, सुनावणी घेतील.

हरकत माझी आहे. त्या वावराला लागूनच माझं प्लॉटिंग. रस्ते आखून झाले, खांब रोवले, फलकावर हसऱ्या जोडप्याचा फोटोसुद्धा लावला. आता शेजारी म्हाताऱ्यांची वस्ती झाली तर त्या जोडप्याकडं कोण पाहील? खिडकी उघडली की समोर काठ्या टेकत चाललेली रांग, आणि मधूनच सायरन वाजवत आलेली गाडी. नवीन घर घेणारा माणूस असली खिडकी घेत नाही.

मास्तर गेले आणि वावर त्यांच्या लेकीच्या, रेवतीच्या नावावर आलं. पोरगी पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्सबायांची मुख्य होती, ते सोडून इथं आली. हुशार आहे. पण मीही काही झोपेत मोठा झालो नाही. दुसऱ्यांची हळद शिजवून देत वावरावावरांतून हिंडलो. पुढं वसमतच्या बाजारात उभा राहिलो. हळकुंड मोडल्याचा आवाज ऐकून माल वाळलाय का ओला, हे मी पाठमोरा सांगायचो. व्यापारी म्हणायचे, उद्धवच्या कानाला देवानं तराजूचा काटा बसवून दिलाय. त्या कानांवरच इथवर आलो.

११ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना कालिंदी वहिनी येऊन समोर बसली. थोरल्या भावाची बायको. दादा लवकर गेला, पोटी लेकरू नाही. आमची आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो की मला तिचा चेहरा आठवत नाही, वहिनीचाच आठवतो. मागच्या अंगणातल्या खोलीत राहते. खोली चांगली आहे. हंगामात तिथं हळदीची पोती लावावी लागतात, कारण घरात तेवढीच एक जागा कोरडी. आम्ही तिची बाज दाराशी सरकवून देतो.

म्हणाली, “भाऊजी, रेवतीच्या तिथं मलाबी एक खोली सांगितली म्या.”

मी हसलो. मला वाटलं गंमत करून राहिली.

“तुमच्या दादाच्या वाटणीचं वावर हाय की माझ्या नावानं. ते देते म्हणलं तिला, खोलीच्या बदल्यात.”

त्या वावरात माझी हळद शिजवायची शेड उभी आहे. पण मी आवाज चढवला नाही. विचारलं, “काहून पण? इथं काय तकलीफ हाय तुमाला?”

“तकलीफ न्हाई. तिथं खिडकी हाय.”

“खिडकीच पाहिजे ना? इथं पाडून देतो की.”

“मागच्या सालीबी तुमी असंच म्हणले होते,” म्हणाली आणि तिला खोकला आला. पोती लागली की तिला खोकल्याची सवयच आहे.

आशा ओट्यापाशी चपात्या लाटत होती. या दोघी जावाजावांचं कधी धड जमलं नाही, म्हणून मला वाटलं आता एखादा टोमणा येईल. आला नाही. आशाचा हा गुण आहे, नको तिथं मधे पडत नाही.

प्लॉटचं एक वेळ राहू द्या. पण उद्धवरावानं आपल्या आईसारख्या वहिनीला वृद्धाश्रमात टाकलं, असं गाव म्हणालं तर मी वसमतच्या बाजारात कोणत्या तोंडानं उभा राहू?

१५ फेब्रुवारी

रेवतीच्या वावरात मुद्दाम जाऊन आलो. चुन्याची फक्की घेऊन जमिनीवर खोल्या आखत होती, साहेबांना दाखवायला. पांढरे चौकोन एका ओळीत. “या उद्धवकाका,” म्हणाली आणि मला चौकोना-चौकोनातून हिंडवलं. प्रत्येक खोलीला उगवतीकडं खिडकी. मधे स्वयंपाकघर. रात्रंदिवस एक नर्स. दाराला कडी आतून.

“आतून कडी काहून?” मी विचारलं. “म्हातारं माणूस आत पडलं तर?”

“बाहेरूनही उघडता येते, काका. पण लावायची का नाही, ते त्यांनी ठरवायचं.”

कुणाकुणाची नावं आली, ते जरा खोदून पाहिलं. म्हणाली, “नावं मी सांगत नसते. ज्यांनी दिली त्यातल्या पुष्कळांनी घरी सांगितलेलंच नसतं.”

हे ऐकून मला हसू आवरेना. म्हणजे गावातल्या बड्या बड्या घरांतले म्हातारे लपून नाव देऊन राहिले आणि घरधन्यांना पत्ता नाही. कुणाची घरं असतील याचा मी वाटभर अंदाज करत आलो. दोन-तीन तर नक्की ओळखली.

निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणलं, बेटा, चांगलं काम करून राहिलीस, माझ्याकडून काही अडचण समजू नको. घरी येऊन हरकतीचा मसुदा केला.

२० फेब्रुवारी

पाणी पुरणार नाही, नाली तुंबेल, रस्त्यावर गर्दी होईल, अशा हरकती शेजारपाजाऱ्यांच्या सह्या घेऊन जमवल्या. नगरपंचायतीतला ओळखीचा माणूस हसून म्हणाला, उद्धवराव, याला दम नाही. त्या बाईनं बोअर, नाली, रस्ता, सगळ्याची उत्तरं आधीच जोडलेली आहेत.

तिथून चहाला हॉटेलात गेलो. पलीकडच्या टेबलावर दगडोबा कुणाशी तरी बोलून राहिला होता. गावातली प्रत्येक तिरडी दगडोबा बांधतो. त्याची तक्रार अशी, की नदीकडचा रस्ता रुंद केला तेव्हा विसाव्याचं लिंबाचं झाड गेलं, तेव्हापासून विसाव्याला ठावठिकाणाच राहिला नाही. मयत नेताना घर आणि स्मशान यांच्या मधे एकदा खाली ठेवायची, दगड ठेवायचा, ज्वारीचे दाणे टाकायचे, खांदेकऱ्यांनी बाजू बदलायची. बायका तिथूनच माघारी फिरतात. ही जागा गावाची एकच असते, पिढ्यानपिढ्या. आता खांदा दुखला की ठेवतात. कुणी पुलावर, कुणी पेट्रोल पंपासमोर.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. पाण्याला बोअर आहे, नालीला पाइप आहे. विसाव्याला काय जोडून देशील?

दगडोबाला माझ्या टेबलावर बोलावून घेतलं. भजे सांगितले. म्हणलं, मास्तरांच्या वावराचा कोपरा रस्त्याला लागून आहे, पूर्वी तिथंही ठेवत असतील.

“तिथं कधी ठेवलं न्हाई.”

“ठेवलं असंल. तुमाला आठवत न्हाई.”

बशी ओठाला लावून तो माझ्याकडं पाहत राहिला. मग म्हणाला, “आठवंल. पण मालक, तुमचे प्लॉटबी तिथंच की.”

“माझ्या प्लॉटांचं तोंड पलीकडच्या रस्त्याला हाय. मधी भिंत घालतो.”

“बराबर,” तो म्हणाला. “मंग राहिली एकच गोष्ट. ठेवायला मयत पाहिजे.”

२२ फेब्रुवारी

हरकत दाखल. ‘सदर जागेत गावाचा वहिवाटीचा विसावा असून लोकभावना तीव्र आहेत.’ दगडोबाचा अंगठा आणि वर वजनदार माणसांच्या सह्या. ओळखीचा माणूस या खेपेला हसला नाही. म्हणाला, हे चालेल, पण साहेब जागेवर वापराची खूण पाहतील. दगड, दाणे, लोकांची पायवाट.

खूण मीही करून ठेवली असती. पण रेवती रोज त्या वावरात असते, आणि तिची नजर नर्सची आहे. खोटा दगड ओळखेल. खरी तिरडी यायला पाहिजे, गावासमोर, दिवसाउजेडी.

१ मार्च

गावात कुणी मरेना.

एरवी या दिवसांत आठवड्याला एखादा निरोप येतोच. औंदा सगळे ठणठणीत. पारावरचे म्हातारे मला पाहून हात उंचावतात, मीही उंचावतो.

४ मार्च

आजाऱ्यांच्या भेटी सुरू केल्या आहेत. जाताना संत्री नेतो. भिकाबाई महिन्यापासून अंथरुणाला खिळलेली, तिच्या सुनेनंच सांगितलं की आता काही खरं नाही. मी उशाशी बसलो, हात हातात घेतला. नाडी लागेना. मनात म्हणलं, दोन दिवस. म्हातारी डोळे उघडून म्हणाली, “उद्धवा, तूच रे बाबा, पोटचे येत न्हाईत.” माझेही डोळे भरले. माणूस म्हणून भरतातच.

आज सून भेटली. म्हणाली, तुमी आलात आणि आत्याबाईनं संत्री खाल्ली, काल उठून बसल्या, आज भाकर मागून राहिल्या. गावात माझं फार कौतुक होऊन राहिलं आहे.

संत्री बंद केली.

७ मार्च

सुनावणीची तारीख आली, वीस मार्च. त्याच दिवशी सकाळी साहेब जागा पाहणार.

आज एक काम माझ्या कानांनी केलं. दुपारी पडलो होतो, मागच्या खोलीतून आवाज आला. रेवती आली होती, वहिनीच्या छातीला नळी लावून पाहायला. तसं ती आशाला विचारूनच आली असणार, दार आशानंच उघडलं होतं. भिंतीपलीकडून शब्द न् शब्द ऐकू आला. रेवती म्हणाली, काकू, या खोलीतून तुम्ही आधी निघा, ही भुकटी छातीत बसून राहिली आहे. वहिनी म्हणाली, निघायचंच हाय, सुनावणीला उभी राहून सांगते साहेबाला, की मला पाहिजे हाय खोली, कुणी टाकून देऊन न्हाई राहिलं, माझ्या पायानं चालले. रेवतीनं माझं नाव काढलं, तशी वहिनी म्हणाली, “भाऊजींला काही बोलू नको. त्यांना म्या वाढवलं. वाईट न्हाईत ते, फक्त ऐकून घेत न्हाईत.”

मला! साऱ्या तालुक्याचं जो ऐकतो त्याला! मला तिचं हसू आलं आणि मायाही आली. बाजूनं बोलली ना माझ्या.

पण ती साहेबासमोर उभी राहिली तर खेळ संपला. उद्धवरावाची सख्खी वहिनी खोली मागते म्हणल्यावर हरकतीत काय उरतं?

आशा अलीकडं दर गुरुवारी वहिनीला घेऊन देवळात जाते. येताना दोघींच्या लुगड्याच्या काठाला कुसळं लागलेली असतात. देवळाचा रस्ता तर सिमेंटचा. वहिनी तिला वावरात ओढून नेत असणार. बरंच आहे, आशाचं लक्ष राहतं तिच्यावर.

८ मार्च

वहिनीशी बोललो. म्हणलं, शिजवणीला जोर आलाय, मजूर हळद पळवून राहिले, शेडवर विश्वासाचं माणूस पाहिजे, तुमच्याशिवाय मला कोण आहे. एकदम उजळली. किती वर्षांनी मी तिला काही मागितलं. लगेच दोन लुगडी बांधून तयार.

आशा म्हणाली, “तिथं पॉलिश सुरू हाय. धूळ किती उडती.”

मी म्हणलं, तोंडाला पदर बांधतील की.  आशानं वहिनीबरोबर माझी जाड शाल दिली आणि गाडी निघेपर्यंत दारात उभी राहिली. जावांचं एवढं प्रेम मी प्रथमच पाहिलं. दूर गेलं की माणूस गोड होतं.

१२ मार्च

हळकुंडं घासून चकाकवणारे पॉलिशचे ड्रम दिवसरात्र. माल असा पिवळाधमक निघतोय की वसमतचे व्यापारी शेडवरच येऊन पाहून जातात. वहिनी खुर्चीवर बसून असते. मजुरांना तिची भीती वाटते, एक हळकुंड हलत नाही. मी म्हणलं, वहिनी, तुमी आधीच इथं पाहिजे होत्या. ती हसली. हसताना खोकली. लुगडं, केस, पापण्या, सगळं पिवळं. नवरीसारखं, असं मी म्हणलो, तेव्हा तिथले मजूरही हसले.

१५ मार्च

शेडवर मशिनीचं पाहणारा नेमसिंग, त्याचा फोन आला. काकूला जेवण जात नाही, बसल्या बसल्या धाप लागते. मी खोकल्याचं औषध घेऊन गेलो. पाठोपाठ रेवती तिथं हजर. तिला कुणी कळवलं कोण जाणे. नेमसिंगला विचारलं तर म्हणाला, आपल्या घरूनच फोन गेला असंल. काहीतरीच.

रेवती म्हणाली, यांना आत्ताच्या आत्ता नांदेडला हलवायला पाहिजे. हातात गाडीची किल्ली होतीच.

मी तिला बाजूला घेतलं. समजावून सांगितलं, बेटा, घरचं माणूस आहे, नेईन मीच, वीस तारीख जाऊ दे. ती माझ्याकडं अशी पाहत राहिली की जणू मी दुसऱ्याच भाषेत बोलून राहिलो.

“वीस तारखेचा याच्याशी काय संबंध, काका?”

काही नाही, म्हणलं. कामाची गडबड. मग तिनं वहिनीलाच विचारलं, चलता का माझ्यासोबत. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणलं, “तुमची मर्जी, वहिनी. जायचं तर जा. मी आणि माझी हळद पाहून घेऊ.”

वहिनी म्हणाली, “राहू दे गं रेवती. भाऊजी नेतील.”

इतक्या सोप्या शब्दांत माणूस आपल्या बाजूला येतं. हे शिकवून येत नाही.

१८ मार्च

वहिनी गेली. पहाटे, शेडवरच. नेमसिंग म्हणतो, ड्रम बंद करायला सांगितला आणि बंद होईपर्यंत गेली.

लिहवत नाही.

१९ मार्च

काल दिवसभर रडलो, खोटं रडलो नाही. पाहुणे यायला रात्र झाली, म्हणून अग्नी आज सकाळी दिला, मीच. लेकरू नव्हतं तिला, माझ्याशिवाय कोण.

पण जे झालं ते लिहून ठेवलं पाहिजे.

आशानं तिला न्हाऊ घातलं. पिवळेपणा कातडीतून निघेना. आशा घासतच राहिली, शेवटी बायांनी तिचा हात धरला. दगडोबानं तिरडी बांधली. मी त्याला काही सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. त्यानंही माझ्याकडं पाहिलं नाही.

माणसं खूप जमली. नदीच्या रस्त्याला मास्तरांचं वावर आलं तसा दगडोबा वळला आणि मागं सारी माणसं. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि आत रेवती उभी. मला धसका बसला. इथं जर तिनं अडवलं, मोबाइलवर फोटो काढले, आरडाओरडा केला, तर उद्याच्या सुनावणीत तेच उलटं पडणार.

तिनं अडवलं नाही. तिरडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. सगळं समजलं होतं तिला, तेवढं मी चेहऱ्यावरून वाचतो. आणि तरी वाकून दोन्ही हातांनी काटे बाजूला ओढायला लागली. हाताला रक्त आलं. म्हणाली, “येऊ द्या काकूंना.”

शिकलेली असून इतकी भोळी. आपल्या हातानं आपलं काम बुडवलं. मला तिची कीव आली.

खांदेकऱ्यांनी कुंपणाच्या आत कोपऱ्यात तिरडी टेकवली. तेवढ्यात बायांमधून आशा पुढं आली.

“तिथं न्हाई. इकडं घ्या.”

फक्कीच्या रेघा ओलांडत ती पुढं चालत गेली आणि ओळीतल्या शेवटच्या चौकोनात जाऊन थांबली. खांदेकरी माझ्याकडं पाहू लागले. मी मान हलवली. तिरडी उचलून त्या चौकोनात ठेवली. “तोंड उगवतीकडं येऊ द्या,” आशा म्हणाली. तिनंच दगड ठेवला, तिनंच दाणे टाकले.

दुःखातही मी मनात म्हणलं, वा गं आशा. मी कोपऱ्याचा विचार केला होता, हिनं पार वावराच्या आत नेऊन ठेवलं. आता कोपरा सोडून बाकीच्यात बांधते असंही म्हणायची रेवतीला सोय राहिली नाही. इतकी वर्षं संसार केला, पण हिचं डोकं एवढं चालतं हे मला ठाऊक नव्हतं.

आम्ही तिरडी उचलली. बायका माघारी फिरल्या. आशा फिरली नाही. शेजारच्या चौकोनात मांडी घालून बसली. तिला उठवायला बाया वाकल्या तर तिनं हात झटकले. वळणावरून मी मागं पाहिलं, तेव्हा रेवती तिच्याजवळ जाऊन बसली होती. दोघी काही बोलत नव्हत्या. बोलल्या असत्या तर तेवढ्या अंतरावरूनही मला ऐकू आलं असतं.

२० मार्च

सुतकात घराबाहेर पडायचं नसतं, तरी गेलो. खांद्यावर उपरणं, अनवाणी. मला पाहून साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, तुम्ही यायला नको होतं.

सकाळी जागा पाहून झाली होती. दगड, दाणे, शंभर माणसांच्या पावलांनी पुसलेल्या फक्कीच्या रेघा. माणूस सरळ आहे, त्यानं जे पाहिलं तेच लिहिणार. दगडोबाला विचारलं, विसावा इथंच आहे का. दगडोबा म्हणाला, “काल समद्या गावानं पाहिलं, साहेब.” खोटं बोलला नाही तो. मला आवडलं.

मग रेवतीला विचारलं, ही तिरडी तुमच्या जागेत तुमच्या मर्जीविरुद्ध आणली का. सगळं तिच्या एका शब्दावर होतं. हो म्हणाली असती तर मी गोत्यात होतो.

“नाही. कुंपण मीच काढलं.”

“हा विसावा पूर्वापार आहे, हे तुम्हाला मान्य आहे?”

“कालपासून आहे,” ती म्हणाली. “पण आता आहे.”

साहेबांनी पेन थांबवून तिला समजावलं, की तुमच्या प्रस्तावावर याचा परिणाम होईल, नीट विचार करून सांगा. ती म्हणाली, “तिथं त्यांना ठेवलं नाही, असं मी कसं म्हणू?”

बाहेर पडताना तिच्यासमोर थांबलो, दोन शब्द बोलावेत म्हणून. म्हणलं, वहिनीचा फार जीव होता तुझ्यावर. ती म्हणाली, “हो, काका,” आणि हाताला बांधलेली पट्टी नीट करत राहिली.

१० एप्रिल

आदेश आला. प्रस्ताव अमान्य. विसाव्याची जागा आराखड्यात दाखवावी, बाकी वावर शेती झोनमध्येच. गावातली चार माणसं हार घेऊन आली होती. सुतक नुकतंच फिटलेलं, म्हणून मी हार गळ्यात घातला नाही, हातात घेतला.

भिंतीचं काम सुरू केलंय. मागची खोली रिकामी झाली, तिथं पोती आता नीट भिंतीपर्यंत बसतात.

जेवताना आशाला आदेशाचं सांगितलं. म्हणलं, खरं श्रेय तुझं. कोपऱ्यातून उचलून तू आत नेलीस, तिथंच काम झालं. तुला सुचलं कसं ते?

आशा ताटात भाजी वाढत होती. वाढून झाल्यावर म्हणाली, “ती तिची खोली होती. शेवटची.”

मी म्हणलं, तुला काय माहीत कोणती तिची?

“तिच्या बाजूची माझी होती.”

 मी विचारलं, कधी नाव दिलं? म्हणाली, “तिच्या आधी. तिला म्याच नेलं. एकटीला करमायचं न्हाई म्हणून.”

मी म्हणलं, “तुला काय कमी हाय इथं? माझ्या जिवंतपणी बायको तिथं जाऊन राहणार? आणि आजवर बोलली न्हाईस ते?”

“होणार होतं तवर सांगता येत न्हवतं,” आशा म्हणाली. “आता होणार न्हाई, म्हणून सांगून राहिले.” आणि विचारलं, भाकर अजून देऊ का.

मी एक घेतली. वहिनी गेल्याचं तिच्या मनाला फार लागलंय, हे उघड आहे. बाईमाणूस असं काहीबाही बोलतं. चार दिवसांनी निवळेल. एकटी बसून राहते, तेवढंच वाईट.

उद्या डोंगरकडा गावाहून पहिलं गिऱ्हाईक प्लॉट पाहायला येणार आहे. नवरा-बायको दोघं, वयानं आमच्यासारखीच. आशाला सोबत नेतो. खिडक्या कुठं येतील, सकाळचं ऊन कुठं पडेल, हे बायकोला बाईनंच समजावून सांगितलेलं बरं.